पावसाळा तोंडावर आला की मन थाऱ्यावर राहत नाही : पूर पाहिलेल्या गावांतील अस्वस्थता

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड अशा गावांत राहणाऱ्यांना एक प्रश्न विचारण्यासाठी हा धागा काढत आहे. वळीव पडू लागल्यापासून ते ऑगस्ट सरेपर्यंत झोप उडणे, छातीत धडधडणे, जेवण नकोसे होणे, क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर चिडणे असे आपल्या घरात कुणाला होते का? होत असल्यास आपण त्यावर काय करता? मला हे दर वर्षी होते, आणि अलीकडे त्यावर जे उपचार घेतले त्यांचा उपयोग झाला आहे, म्हणून प्रश्नाबरोबर माझा अनुभवही लिहिते.

आमचे घर शाहूपुरीच्या सखल भागात आहे. नदी घरापासून लांब आहे, पण पंचगंगा फुगली की जयंती नाल्यातून पाण्याची फूग मागे येते आणि आमच्या गल्लीत शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि त्यानंतर दोनच वर्षांनी २०२१ च्या जुलैमध्ये तळमजला पाण्यात गेला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पहिल्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दुसऱ्यात ५६ फुटांच्याही वर. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, भिंती रंगवून झाल्या, फर्निचर नवे आले. सासूबाई पूर्ववत देवपूजेला लागल्या, मुले शाळेत गेली, आणि आता सगळे मार्गी लागले असे सर्वांनी गृहीत धरले. माझी झोप मात्र पुढच्या वर्षी मे महिन्यात उडाली, तेव्हा आकाशात एकही ढग नव्हता.

त्रासाचे स्वरूप असे होते की पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की हातातले काम सुटायचे. रात्री दर अर्ध्या तासाने उठून मी फोनवर बंधाऱ्याची पातळी पाहायची. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यांपैकी कितवा उघडला याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले की बोटांना मुंग्या यायच्या आणि श्वास पुरत नाही असे वाटायचे. हृदयविकार असावा या शंकेने तपासण्या केल्या, थायरॉइडही पाहिले, सर्व ठीक निघाले. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि तिथे प्रथमच कुणीतरी मला पुराविषयी सविस्तर विचारले.

त्यांनी मला जे पटवून दिले ते असे : माझ्या काळजीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. एक म्हणजे खरोखर करायची तयारी, आणि दुसरी म्हणजे शरीराला लागलेली धोक्याची सवय, जी तयारी पूर्ण झाली तरी थांबत नव्हती. पहिली मी कागदावर उतरवली. किती पातळीला कोणती वस्तू माळ्यावर जाईल, किती पातळीला सासूबाईंना नणंदेकडे पाठवायचे, गाडी कुठे लावायची, कागदपत्रांची पिशवी कुणी उचलायची, हे सर्व कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. पातळी ३९ फुटांच्या खाली असेतोवर मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच ती पाहते, मधल्या वेळेत मन कितीही ओढ घेत असले तरी पाहत नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी समुपदेशन आणि काही काळ औषधे घेतली. सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले हे मान्य करते, पण गेल्या पावसाळ्यात मी बहुतेक रात्री झोपू शकले.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः पाणी घरात न येताही ज्यांना हा त्रास होतो त्यांनी लिहावे, कारण असे लोक सहसा बोलत नाहीत.

वाशिष्ठीकर (चिपळूण)

ताई, आपण मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. आमच्याकडची परिस्थिती थोडी वेगळी आहे आणि ती इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. पंचगंगेचे पाणी फुटाफुटाने चढते आणि आपल्याला निदान काही वेळ मिळतो. चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी रात्रीतून चढले आणि दिवस उजाडेपर्यंत बाजारपेठ बुडालेली होती. वर सह्याद्रीत अतिवृष्टी, कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी (अवजल) आणि खाली दाभोळ खाडीची भरती, या सगळ्यांची वेळ जुळून आली तर हातात फार तर काही तास असतात. त्यामुळे दिवसातून दोनदाच पातळी पाहायची हा नियम आमच्यासारख्यांना पाळता येणार नाही. जोराच्या पावसात रात्री झोपणे हाच मला बेसावधपणा वाटतो, आणि या भीतीला कुणी केवळ मनाचा खेळ म्हटले की राग येतो.

माझे किराणा मालाचे दुकान आहे. त्या सकाळी साखरेची पोती विरघळून नुसती बारदाने उरली होती, आणि तेलाचे डबे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सापडले. आता जून ते सप्टेंबर जड माल मी वरच्या मजल्यावर ठेवतो आणि विम्याचा हप्ता मे महिन्यातच भरतो. तरी रात्रीचे काय करावे हे मला उमगलेले नाही. माझ्या पत्नीने एकदा सांगितले की, तुम्ही जागे असता तेव्हा मलाही झोप लागत नाही. म्हणजे एका माणसाची भीती सगळ्या घराला जागे ठेवते.

ओसरी (पुणे)

मी समुपदेशक म्हणून काम करते आणि पूरग्रस्त भागांतील काही कुटुंबांशी माझे बोलणे झाले आहे. वरील दोन्ही प्रतिसाद परस्परविरोधी दिसत असले तरी दोन्ही योग्य आहेत, आणि त्यातला फरक समजून घेतला तर पुढचा मार्ग सोपा होतो.

प्रथम हे सांगते की ज्या ऋतूत मोठा आघात झाला तो ऋतू परत आला की शरीर त्या आठवणीला प्रतिसाद देते. तो प्रतिसाद तारखेमुळे येतो तसा वासामुळे, आवाजामुळे, अंधारून येण्यामुळे, ओल्या भिंतींच्या कुबट वासामुळेही येतो, आणि पुष्कळदा माणसाला कारण उमगण्याआधीच हृदयाचे ठोके वाढलेले असतात. त्यात पावसाळ्याचे स्वतःचे काही परिणाम मिसळतात : ऊन कमी मिळते, फिरणे बंद होते, दमटपणामुळे आणि वीज गेल्यामुळे झोप मोडते, माणसे घरात कोंडली जातात, चहाच्या फेऱ्या वाढतात. चहा-कॉफीने धडधड वाढते आणि ती धडधड माणसाला भीतीची खूण वाटते. म्हणून संध्याकाळनंतरचा चहा बंद करणे आणि उघडीप मिळेल तेव्हा अर्धा तास चालून येणे या साध्या गोष्टींना मी उपचाराचाच भाग मानते.

आता वारंवार पातळी पाहण्याविषयी. फोन पाहिला की क्षणभर हायसे वाटते, आणि नेमके तेच हायसे वाटणे पुढच्या वेळी फोन पाहायला लावते. मेंदू असे शिकतो की पाहिले म्हणून सुरक्षित राहिलो. न पाहताही आपण सुरक्षित असतो हे शिकायची त्याला संधीच मिळत नाही. त्यामुळे पाहण्याच्या वेळा ठरवणे हा उपाय प्रभावी ठरतो. मात्र तो नियम नदीप्रमाणे बदलावा लागतो. वाशिष्ठीकर दादा, आपल्या बाबतीत पहारा आवश्यकच आहे, पण तो एकट्या माणसाने सगळा पावसाळा द्यावा हे आवश्यक नाही. शेजारच्या चार-पाच घरांनी लाल इशाऱ्याच्या रात्री वाटून घ्याव्यात. ज्याची पाळी असेल त्याने जागे राहावे आणि ठरलेल्या खुणेला सर्वांना फोन करावा. बाकीच्यांनी झोपावे, कारण पहाटे सामान उचलायची वेळ आलीच तर झोप झालेल्या माणसांची गरज पडणार आहे.

बोटांना मुंग्या येणे आणि श्वास अपुरा वाटणे याचे कारण बहुधा श्वास भराभर घेतला जाणे हे असते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून मुंग्या, गरगर, छातीत आवळल्यासारखे वाटणे सुरू होते. त्या वेळी खोल श्वास घेण्यापेक्षा तो सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावे. मनात चारपर्यंत मोजत घ्यावा आणि सहापर्यंत मोजत सोडावा. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि नंतर ओसरू लागतो. छातीत दुखणे पहिल्यांदाच होत असेल तर मात्र ताईंनी केले तसे हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट वेळेबाबत आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ सर्वांचेच दुर्लक्ष होते. चिंताविकारावर दीर्घकाळासाठी जी औषधे दिली जातात त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. समुपदेशनाच्या पद्धती अंगवळणी पडायलाही तितकाच काळ लागतो. ज्यांना दर पावसाळ्यात त्रास होतो त्यांनी पाणी चढू लागल्यावर जुलैमध्ये डॉक्टर गाठण्याऐवजी मार्च-एप्रिलमध्येच जावे. आपण छपराची कौले मे महिन्यात शाकारून घेतो, तसेच हे आहे.

आयर्विन (सांगली)

आमच्याकडे २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी माझा मुलगा अगदी लहान होता आणि आम्हाला बोटीतून बाहेर काढले गेले. आता तो मोठ्या वर्गात गेला आहे. जून महिन्यात शाळेची नवी पुस्तके आली की तो ती टेबलावर ठेवत नाही, खुर्चीवर चढून कपाटावर रचून ठेवतो, आणि अभ्यासापुरते एकेक पुस्तक खाली काढतो. आम्ही त्याला कितीदा समजावले की, बाळा, काही होणार नाही. त्याचा उपयोग होत नाही. मुलांशी कसे बोलावे याविषयी ओसरीताईंनी लिहावे.

ओसरी (पुणे)

ताई, काही होणार नाही हे आश्वासन मुलाला पटत नाही, कारण पूर्वी काहीतरी झालेले त्याने पाहिले आहे. त्याऐवजी जे निश्चित आहे ते सांगावे : पाणी आले तर आपण कुणाकडे जाणार आहोत, कुठल्या रस्त्याने जाणार आहोत, शाळेतून त्याला कोण घेऊन येणार आहे. कोरड्या दिवशी त्या रस्त्याने त्याला एकदा घेऊन जावे. पुरासाठीच्या पिशवीत त्याच्या वस्तू कोणत्या असाव्यात हे त्यालाच ठरवू द्यावे. पुस्तके कपाटावर ठेवत असेल तर अडवू नये. अभ्यास, खेळ आणि झोप व्यवस्थित चालू असेल तर ती त्याची स्वतःची तयारी आहे. शाळेत जायला नकार, अंथरूण ओले होणे, एकट्याने झोपायला घाबरणे, पोटदुखीच्या तक्रारी असे काही महिनाभराहून अधिक टिकले तर बालमानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि त्याच्यासमोर दूरदर्शन वाहिन्यांवरची पुराची तीच ती दृश्ये चालू ठेवू नयेत.

जुना पार (इचलकरंजी)

मी वयाने मोठा आहे, म्हणून मनातली शंका स्पष्ट लिहितो. आमच्या पिढीने २००५ चा महापूर पाहिला, त्याआधीचेही पाहिले, आणि तेव्हा कुणी या कारणासाठी औषधे घेतली नाहीत. गल्लीतले तरुण एकत्र येत, शाळेत राहण्याची सोय होई, भाकऱ्या जमा होत, आणि त्या गडबडीत माणसाचे मन गुंतून राही. नृसिंहवाडीला आजही नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की लोक स्नानाला गर्दी करतात. चढत्या पाण्याकडे पाहण्याची तीही एक रीत आहे. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत असे ऐकतो. सुनेने त्या सुरू केल्या आहेत आणि मला तिची खरोखर काळजी वाटते.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

काका, आपली काळजी समजते, माझ्या सासऱ्यांनीही हेच विचारले होते. मी माझ्यापुरते सांगते. गल्ली एकत्र येते तेव्हा पूर सोसण्याचे बळ वाढते हे अगदी खरे आहे आणि मी ते अनुभवले आहे. २०१९ मध्ये आमच्या घरी पोहोचलेले पहिले जेवण तालमीतल्या मुलांनी आणले होते. परंतु मला त्रास होतो तो पूर आलेला असताना नव्हे. पाणी आले की मी कामाला लागते आणि भीती मागे पडते. त्रास होतो तो पूर नसताना, आधीच्या दोन महिन्यांत, जेव्हा गल्ली झोपलेली असते. पूर्वीही अशी माणसे असणार. ती रात्री उठून उंबऱ्यापर्यंत जाऊन पाहत असतील आणि कुणाला काही सांगत नसतील.

ओसरी (पुणे)

काकांच्या औषधांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देते. सवय लागण्याचा धोका मुख्यतः झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांमध्ये असतो, म्हणून त्या थोड्या काळासाठी आणि देखरेखीखालीच दिल्या जातात. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून त्या घेणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ चालणारी औषधे वेगळी असतात. त्यांची चटक लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर त्रास होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करत ती थांबवतात. सूनबाईंनी कोणते औषध घ्यावे हे त्यांच्या डॉक्टरांवर सोपवावे. आपण त्यांना इतकेच विचारावे की, बाळा, रात्री झोप लागते का. घरातल्या मोठ्या माणसाने असे विचारण्याला फार किंमत असते.

लोकलचा दादर (बदलापूर)

माझ्या घरात कधी पाणी शिरलेले नाही, म्हणून लिहावे की नाही या विचारात होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कलिना परिसरात छातीभर पाण्यातून चालत होतो. त्यानंतर अनेक वर्षे मोठा पाऊस सुरू झाला की मी कामावरून लवकर निघून स्थानकावर जाऊन बसायचो, कारण नसताना रजा टाकायचो. समुपदेशकांनी मला रजा न टाकण्याचा सराव टप्प्याटप्प्याने करायला लावला : आधी रिमझिम पावसात पूर्ण वेळ थांबणे, मग पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी, मग नारिंगी. लाल इशाऱ्याच्या दिवशी मी आजही घरून काम करतो, आणि ते योग्यच आहे असे त्यांचेही मत पडले. हवामान खात्याच्या भाषेत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार पाऊस, हे आकडे समजून घेतल्यावर प्रत्येक इशारा मला सारखाच भयंकर वाटेनासा झाला.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

दादा, आपण लिहिलेत हे फार बरे केले. आकड्यांचा मलाही उपयोग झाला. शहरात पाऊस कोसळत असला तरी पंचगंगा चढते ती मुख्यतः गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या पावसाने, आणि राधानगरीचे पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. हे कळल्यापासून आमच्या पत्र्यावरचा आवाज आणि बंधाऱ्यावरची पातळी यांची मी मनातल्या मनात फारकत केली आहे. शहरातली एक सर म्हणजे पूर नव्हे, हे शरीराला पटायला वेळ लागला, पण पटले.

मृगाची वाट (बीड)

आपल्या सर्वांच्या चिंतेचा मान राखून दुसऱ्या बाजूचे लिहितो. आमच्याकडे मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशीच निघाली की असाच त्रास सुरू होतो. पेरलेले उगवून माना टाकते, दुबार पेरणीला बियाणे कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि माणूस दिवसातून पन्नास वेळा पश्चिमेकडे पाहतो. झोप आमचीही उडते. फरक इतकाच की आमच्या भागात याला कुणी आजार म्हणत नाही, कर्जाची काळजी म्हणून सोडून देतात. मागच्या वर्षी आमच्या भावकीतला एक जण जेवण टाकून गोठ्यात बसून राहू लागला आणि आता जगून काय करायचे असे बोलू लागला, तेव्हा आम्ही त्याला एकटे सोडले नाही, घरातली फवारणीची औषधे हलवली आणि जिल्हा रुग्णालयात नेले. तो आज बरा आहे. पुराच्या गावांनी आणि कोरड्या गावांनी या बाबतीत एकमेकांचे ऐकावे असे मला मनापासून वाटते.

ओसरी (पुणे)

दादा, आपण जे केलेत ते अचूक केलेत. असे बोलणे कधीही केवळ त्रागा समजून सोडून देऊ नये. ज्यांच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत त्यांच्यासाठी टेली मानस ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. पुराच्या माहितीसाठी १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक एकाच कागदावर लिहून ठेवावेत.

वाशिष्ठीकर (चिपळूण)

पाळीची कल्पना मी आमच्या ओळीतल्या दुकानदारांपुढे मांडली. पाच घरे तयार झाली आहेत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाने सांगितले की तोही एकटाच जागत होता. लाल इशाऱ्याच्या रात्री मध्यरात्रीपर्यंत एक आणि तिथून पहाटेपर्यंत दुसरा, असे ठरले आहे. भरतीच्या वेळा मी कागदावर काढून प्रत्येकाला दिल्या आहेत. ताई, एक विचारायचे राहिले. जे औषधे घेतात त्यांनी पुराच्या काळात काय करावे? २०२१ मध्ये आमच्याकडची औषधांची दुकानेही पाण्याखाली होती.

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

दादा, मी जूनच्या सुरुवातीलाच डॉक्टरांकडून जादा दोन आठवड्यांची औषधे लिहून घेते. ती आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कागदपत्रांच्या पिशवीत ठेवते, सोबत चिठ्ठीची एक प्रत. चिठ्ठीचा फोटो नणंदेच्या फोनवरही आहे. ऑगस्ट सरला की त्या गोळ्या आधी वापरून संपवते, म्हणजे मुदत उलटत नाही.